कसोटीचा दगड : नीळकंठशास्त्री गोरे यांचं ‘षड्दर्शनदर्पण’

दर्शनशास्त्र आणि ईश्वरशास्त्र एकाच माणसाच्या आयुष्यात सुखानं नांदतात का, या प्रश्नाच्या निमित्तानं आज आपण एक ग्रंथ घेऊ. पंडिता रमाबाईंवर नीळकंठशास्त्री गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला, एवढं आपल्याला ठाऊक असतं. त्यांचे ग्रंथ मात्र सहसा वाचलेले नसतात.

गोऱ्यांचा जन्म १८२५ चा. घराणं कोकणस्थ, पण वाढले काशीत. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्माचं मंडन केलं. ऐन विशीत गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिलं. मर्यादित पापाला अनंत नरक, हा कुठला न्याय? जन्मतःच दुःख भोगणाऱ्या बाळाचा अपराध काय? असे त्यांचे प्रश्न होते. आणि शास्त्राच्या बाबतीत श्रद्धा आधी, तर्क मागून, अशी त्यांची भूमिका होती.

१८४८ साली याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८६० मध्ये त्यांचं ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत आलं. १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी ते इंग्रजीत नेलं.

या ग्रंथाचा सर्वांत कसदार भाग वेदान्तावरचा. जग पारमार्थिक सत्य नाही, पण व्यावहारिक सत्य आहे, असं अद्वैती म्हणतात. गोरे म्हणतात, जे मुळात नाहीच त्याला ‘सत्ता’ हे नाव देऊन ते असल्यासारखं होत नाही. आता गंमत बघा. बौद्धांच्या ‘संवृतिसत्या’वर कुमारिल भट्टांनी अगदी हाच वार केला होता : संवृति असेल तर सत्य कसं, आणि सत्य असेल तर संवृति कशी? म्हणजे पाद्र्याच्या झग्यातही हत्यार मीमांसकाचंच. म्हणून ‘परधर्मीयाची टीका’ म्हणून हा ग्रंथ बाजूला सारणं आम्हाला पटत नाही.

ग्रंथात उणीव आहे, आणि ती मोठी आहे. मिथ्या म्हणजे निव्वळ खोटं नव्हे. ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही, असं अद्वैती सांगतो. गोरे हे ऐकतात, पण त्याला पुरेसा अवकाश देत नाहीत. शिवाय सहाही दर्शनं इथं घासून बघितली जातात. ख्रिस्ती सिद्धान्त मात्र कसोटीचा दगड आहे, कसोटीवरचं सोनं नाही. तरुणपणीच्या गोऱ्यांनी तोच दगड घासून पाहिला होता! ग्रंथानं जे टाळलं ते आयुष्यानं टाळू दिलं नाही. धर्मोपदेशक झाल्यावरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८९५ मध्ये ते गेले.

हे सगळं आम्ही तटस्थपणे बोलतोय असं समजू नका. अद्वैत शिकवण्यात आमची नोकरी सरली. रामानुजांच्या सप्तविध अनुपपत्ती नीट मांडणाऱ्याला आम्ही भरघोस गुण दिले. एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, तुम्हाला स्वतःला यातलं काय पटतं?’ आम्ही अभ्यासक्रमाकडे बोट दाखवलं. तिनं वही मिटली.

गोऱ्यांचे निष्कर्ष आम्हाला मान्य नाहीत. पण तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तरापायी जात, गोत, काशीतली प्रतिष्ठा पणाला लावली. त्यांचं खंडन करायला बसताना आम्हाला आमची ती पळवाट आठवते, आणि ती विद्यार्थिनीही.

पुढच्या वेळी कुमारिलांचा तो युक्तिवाद सविस्तर पाहू.