कोड खुला, यंत्र बंद : ऑपरेटिंग सिस्टिमची बंधने आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची व्याख्या तुम्ही वाचली असेल : सोर्स कोड पाहता यावा, बदलता यावा आणि इतरांना देता यावा. व्याख्या चुकीची नाही, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. ज्याच्या हातात यंत्र आहे, तो त्यावर हवा तो प्रोग्राम चालवू शकतो, हे ते गृहीतक. ते किती टिकते, हे या टिपणात तपासू.

व्हीएलसी हा मीडिया प्लेयर २०१० मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवर आला. त्याचा परवाना जीपीएल होता. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतील सहाव्या कलमानुसार, प्रोग्राम पुढे देताना घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा बंधने घालता येत नाहीत. स्टोअरच्या अटी मात्र अशी बंधने घालतात, असा आक्षेप व्हीएलसीच्याच एका विकासकाने घेतला आणि जानेवारी २०११ मध्ये ॲप काढले गेले. २०१३ च्या जुलैमध्ये ते परतले, पण मधल्या काळात बदलला तो परवाना. व्हीएलसीचा गाभा एलजीपीएलखाली आणला गेला आणि त्यासाठी अनेक योगदानकर्त्यांची संमती मिळवावी लागली. आयओएसवरील ॲपला जीपीएलबरोबर मोझिला परवानाही जोडला गेला.

याचा दोष जीपीएलच्या ताठरपणाला देणे सोपे आहे. पण क्रम पाहा. ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा रस्ता एकच होता आणि त्याचा मालकही एकच. अशा वेळी वाटाघाट होत नाही, एका बाजूने वाकणे होते.

‘सोर्स कोड तर उपलब्ध आहे, मग अडले कुठे?’ असे तुम्ही विचाराल. समजा, तुम्ही तो कोड घेतला, त्यात मराठी उपशीर्षकांसाठी सुधारणा केली आणि स्वतःच्याच आयफोनवर बसवली. ॲपलच्या साधनांनी हे करायचे तर मॅक संगणक लागतो. मोफत खात्यावरून केलेली स्वाक्षरी सात दिवसांत संपते. ती टिकवायची तर विकासक सदस्यत्वाचे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. कोड तुमचा, फोन तुमचा, परवानगी मात्र दुसऱ्याची.

हा प्रश्न जुना आहे. टिव्हो या रेकॉर्डरमध्ये लिनक्स होते आणि त्याचा कोडही दिला जात होता, पण बदललेला कोड ते यंत्र स्वीकारत नसे. म्हणून जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या उपकरणांबाबत अट घातली, की बदललेला प्रोग्राम बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. त्यामुळे हा उपाय अपुरा ठरला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. स्वाक्षरी तपासल्याने घातक प्रोग्राम रोखले जातात, हे खरे आहे. म्हणून ‘बंधन असावे की नसावे’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न विचारा. विंडोज ८ च्या प्रमाणन नियमांत याचे चांगले उदाहरण सापडते. इंटेल पद्धतीच्या संगणकांवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय मालकाला देणे सक्तीचे होते, तर एआरएम यंत्रांवर तीच सोय देण्यास मनाई होती. तंत्र एकच, सुरक्षेचे कारणही एकच. फरक एवढाच, की एका यंत्रावर निर्णय मालकाचा होता आणि दुसऱ्यावर नव्हता. विंडोज १० पासून ही सक्तीही गेली आणि निर्णय उत्पादकाच्या मर्जीवर आला. म्हणजे सुरक्षेसाठी मालकाला बाहेर ठेवावेच लागते, हा दावा त्या नियमांनीच खोटा ठरवला होता.

तेव्हा एखादे सॉफ्टवेअर ‘मुक्त’ आहे असे परीक्षेत लिहिण्यापूर्वी परवान्याच्या नावावर थांबू नका. बदललेली प्रत त्याच यंत्रावर, कोणाच्या संमतीविना, चालू राहते का, हेही तपासा. उत्तर ‘नाही’ आले, तर तुम्हाला मिळालेला हक्क वाचण्यापुरताच आहे.