लॅटिन पत्राचा मायना आणि गोमांतकांतून गेलेलीं दोन पत्रें

जुन्या पत्राचा कागद हातीं आला म्हणजे संग्राहक प्रथम मिति पाहतो, मग नांवें, मग शिक्का. आणि संशोधक ‘विशेष’ या शब्दावर बोट ठेवून तेथून पुढें वाचावयास लागतो. त्यापूर्वींच्या चार-पांच ओळी म्हणजे मायना, नमस्कार अथवा आशीर्वाद, आणि कुशलप्रश्न. त्या सर्वत्र सारख्याच, सबब निरुपयोगी, असा समज रूढ आहे. कित्येक छापील संग्रहांत त्या गाळून ठिपके दिलेले आढळतात. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. पत्राचा सांचा कळल्यावांचून आंतील मजकुराचें वजन कळत नाहीं, असें आमचें मत आहे. तें पडताळून पाहण्यासाठीं आम्ही मुद्दाम लॅटिन पत्रलेखनाचें उदाहरण घेतों. कारण त्या भाषेंत पत्राच्या अवयवांची चिकित्सा ग्रंथरूपानें झालेली आहे. शिवाय त्या विद्येंत वाढलेल्या एका मनुष्यानें पुढें गोमांतकांत बसून मराठी ओवी लिहिली.

रोमन लोकांचें पत्र नांवांनीं सुरू होई: अमका तमक्यास क्षेम इच्छितो. हे शब्दही पुरे लिहीत नसत; आद्याक्षरें पुरत. पाठोपाठचें कुशलवाक्य पुष्कळदां सहा अक्षरांतच उरकीत. ‘तूं खुशाल असशील तर ठीक आहे, मी खुशाल आहें,’ असा त्याचा अर्थ. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणें’ हें वाक्य ज्यांच्या परिचयाचें आहे, आणि ‘ती.’, ‘रा.’, ‘सा. न.’ हीं संक्षेपचिन्हें ज्यांनीं लहानपणीं गिरविलीं आहेत, त्यांस येथें परकेपणा वाटणार नाहीं. दुसरी एक खुबी व्याकरणाची आहे. रोमन लेखक कित्येकदां पत्र वाचणाराच्या काळांत उभा राहून लिही. ‘मी लिहीत आहें’ याऐवजीं ‘मी लिहीत होतों’ असें म्हणे, कारण पत्र पोंचेल तेव्हां लिहिण्याची क्रिया भूतकाळांत गेलेली असावयाची. हा प्रयोग ठाऊक नसलेला वाचक त्याच दिवसाची गोष्ट मागील दिवसांची समजेल.

तिसरी चाल आमच्या दफ्तरांतही आहे. मजकूर लेखनिकानें लिहावा आणि शेवटचे निरोपाचे शब्द यजमानानें स्वहस्तें घालावे. ब्रिटनमधील विंदोलांदा येथील रोमन ठाण्याच्या जागीं लांकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें सांपडलीं आहेत. त्यांपैकीं इ. स. १०० च्या सुमारच्या एका पत्रांत क्लॉडिया सेव्हेरा नांवाची बाई आपली मैत्रीण सल्पिसिया लेपिडिना हिला वाढदिवसाचें बोलावणें करते. मजकूर एका हातचा. शेवटीं तिला बहीण म्हणून निरोप दिला आहे तो दुसऱ्या हातचा, म्हणजे खुद्द सेव्हेराच्या हातचा. स्त्रीच्या हातच्या जुन्यांत जुन्या लॅटिन अक्षरांत त्या ओळींची गणना होते. संपादकांनीं अक्षरभेद न नोंदतां नुसता मजकूर छापला असता, तर हें वैशिष्ट्य कोणासही कळलें नसतें.

रोमन काळीं जी चाल होती, तिचें मध्ययुगांत इटलींत शास्त्र झालें. अकराव्या शतकांत माँते कासीनो येथील मठांत आल्बेरिक यानें या विषयावर लिहिलें, आणि बाराव्या शतकांत बोलोन्या हें या विद्येचें मुख्य पीठ बनलें. इ. स. ११३५ च्या सुमारास तेथें झालेल्या एका निनांवी ग्रंथांत पत्राचे पांच अवयव सांगितले आहेत: नमस्कार, वाचकाचें मन अनुकूल करणें, हकीकत, विनंति आणि समाप्ति. नमस्कारांत कोणाचें नांव आधीं घालावें याचाही निर्बंध असे. श्रेष्ठास लिहितांना त्याचें नांव आधीं, कनिष्ठास लिहितांना स्वतःचें आधीं. आमच्या मोडी पत्राशीं ताडून पाहतां मायना, कुशल, ‘विशेष’ म्हणून येणारी हकीकत, विनंति किंवा आज्ञा, आणि ‘बहुत काय लिहिणें’ हा शेवट, अशी जोडी जवळजवळ बिनचूक जमते. याचा अर्थ एकानें दुसऱ्याचें घेतलें असा कोणीं करूं नये. गुजराथेंतील ‘लेखपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ, जो इ. स. १९२५ त गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापला गेला, त्यांतील पुष्कळ नमुन्यांवर विक्रम संवत् १२८८ म्हणजे तेराव्या शतकांतील काल आहे. त्यांत राजकीय लेखांबरोबर घरगुती पत्रेंही आहेत. हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेलें ‘मेस्तक’ याच वर्गांतलें. जेथें राज्याचा कारभार कागदावर चालूं लागतो, तेथें लेखकांस शिकविण्यासाठीं असे ग्रंथ निर्माण होतात, एवढेंच यावरून निघतें.

साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. लॅटिन पत्राचा दुसरा अवयव वक्तृत्वशास्त्रांतून आलेला आहे. न्यायसभेंत वक्ता जसा प्रथम श्रोत्यांचें मन वळवी, तसें पत्रलेखकानें करावें अशी अपेक्षा. आमचें कुशलवाक्य मन वळवीत नाहीं. तें पत्रव्यवहार चालू असल्याची खूण देतें. म्हणून लॅटिन पत्राचा कल भाषणाकडे आणि मराठी पत्राचा कल दफ्तराकडे असतो. त्या पद्धतीचा दोषही उघड आहे. नमुन्यावरून नमुना उतरतां उतरतां कित्येक पत्रांत अलंकार उरले आणि मनुष्य हरपला. इ. स. १३४५ त पेत्रार्कास व्हेरोना येथें सिसेरोनें अटिकसास लिहिलेल्या पत्रांची पोथी आढळली, तेव्हां त्या थोर वक्त्याची चलबिचल व कुरकूर पाहून तो इतका चकित झाला कीं, त्यानें मृत सिसेरोसच उद्देशून पत्र लिहिलें. पुढें इ. स. १५२२ त एरास्मसानें पत्रलेखनावरील आपल्या ग्रंथांत, पत्रास एकच ठराविक सांचा नसून तें विषय, प्रसंग व वाचक यांस शोभेल असें असावें, असा पक्ष मांडला.

या नव्या विद्येंत वाढलेला इंग्रज जेसुइट थॉमस स्टीफन्स हा ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून वाचक त्यास ओळखतात. त्याचीं दोन पत्रें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत. पहिलें १५७९ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या व्यापारी बापास इंग्रजींत लिहिलेलें. तें हॅक्लुट यानें १५८९ त छापलें. त्याचा आरंभ नम्र प्रणाम, बापाकडे आशीर्वादाची याचना आणि आईस नमस्कार असा आहे. आमच्याकडे ‘तीर्थरूप’ या मायन्याखालीं मुलगा हेंच लिहिता. पुढें सर्व मजकूर समुद्रप्रवासाचा: वारे, पक्षी, मासे, होकायंत्र, खलाशांचे रोग. दुसरें पत्र ता. २४ ऑक्टोबर १५८३ चें, बंधु रिचर्ड यास लॅटिनमध्यें लिहिलेलें. तें ब्रुसेल्सच्या राजकीय ग्रंथालयांत आहे. लेखक एक, परंतु वाचक बदलतांच भाषा, विषय व चाल बदलली. एरास्मसाचा नियम येथें प्रत्यक्ष वागतांना दिसतो.

या दुसऱ्या पत्रांतील एक उतारा सर्वत्र उद्धृत होतो. या देशांत भाषा पुष्कळ आहेत, उच्चार गोड आहे, रचना लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, आणि येथील अक्षर हें एका अवयवाचें मोल धरणारें असून स्वर-व्यंजनांच्या जितक्या जोडण्या तितकीं त्याचीं रूपें होतात, असा त्याचा आशय. तेवढाच उतारा कापून घेऊन, १७८६ तील सर विल्यम जोन्सच्या सिद्धांताचा हा पूर्वज, असें कोणी कोणी म्हणतात. आम्हांस हें अतिव्याप्त वाटतें. स्टीफन्स रचनेच्या सारखेपणाविषयीं बोलतो. उगम एक असल्याचें तो म्हणत नाहीं. लॅटिन जाणणाऱ्या बंधूस रुचेल म्हणून त्यानें हा विषय काढला. परंतु आमच्या दृष्टीनें त्यांतील मोलाचा भाग निराळाच आहे: बाराखडी आणि जोडाक्षरें गिरवीत असलेल्या मनुष्याचें तें लिहिणें आहे. तेहतीस वर्षांनीं, १६१६ त, त्याच हाताचें पुराण साष्टींतील राचोल येथें छापून निघालें.

त्याच पत्रांत जुलै १५८३ तील कुंकळ्ळीच्या प्रसंगाचाही वृत्तांत आहे. देवळांचा विध्वंस झाल्यानें क्षुब्ध झालेल्या गांवकऱ्यांनीं तेथें पांच जेसुइटांस मारलें. जेसुइटांत १५४२ पासून इग्नातियस लोयोलाची आज्ञा होती कीं, चारचौघांस दाखवितां येईल असें मुख्य पत्र विचारपूर्वक दोनदां लिहावें आणि खासगी गोष्टी निराळ्या चिठीवर घालाव्या. आमच्याकडील ‘पुरवणी’ स्मरावी. मृतांच्या सहकाऱ्यानें, अशा शिस्तींत वाढून, स्वधर्मीय बंधूस लिहिलेला हा वृत्तांत आहे. मायना गाळून केवळ हकीकत छापली, तर तो निःपक्षपाती साक्षीदाराचा जबाब भासूं लागतो. गांवकऱ्यांवर त्यानें अन्याय होतो, आणि स्टीफन्सवरही होतो.

आतां घराकडे वळूं. इ. स. १६७४ पूर्वींच्या शिवकालीन पत्रांत ‘अज रख्तखाने’ हा फारसी मायना येतो. राज्याभिषेकानंतरच्या पत्रांत राज्याभिषेक शक आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपति’ अशी सुरवात येते. गांव तोच, इनाम तेंच, हकीकत तीच असूं शकेल; परंतु राजा सिंहासनावर बसला ही गोष्ट ‘विशेष’च्या वरच्या ओळींत आहे. ‘राजव्यवहारकोशा’ंत फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द देतांना लेखनवर्ग म्हणून निराळा वर्ग ठेवला आहे, तो उगाच नव्हे. ज्या ओळी सर्वत्र सारख्या असतात, त्यांत एक शब्द बदलला तरी तो कोणी तरी विचारपूर्वक बदललेला असतो. सांचा माहीत असेल तरच तो फरक दिसतो.

आमच्या सोलापूर प्रांतांत, पंढरपूर, बार्शी, करमाळें, अक्कलकोट या बाजूंस, जुन्या घराण्यांचे रुमाल आजही बांधलेले आहेत. ते ज्यांच्या हातीं येतील त्यांस आमची विनंति अशी. शिक्का देखणा म्हणून कापून घेऊं नये. लखोटा व पाठीवरील पत्ता मूळ पत्रापासून वेगळा करूं नये. अक्षर जेथें बदलतें तेथें खूण करून ठेवावी. छापतांना जागेची अडचण असेल तर त्याच दोघांतील पहिल्या पत्राचा मायना पुरा छापावा, आणि पुढें जेथें त्यांत फरक पडेल तेथें पुन्हां पुरा छापावा. पुरवणी ही ज्या पत्राची असेल त्याच्याच अंकाखालीं घालावी. यास चार-दोन पृष्ठें अधिक लागतील. कापलेला शिक्का मात्र मूळ कागदास पुन्हां जोडतां यावयाचा नाहीं.

सोलापूर