दृष्टांतातला किडा आणि चंद्रिकेवरचा किडा

युसूफ वडगावात किड्याच्या मज्जासंस्थेवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. पण आमचं भांडण किड्याशी नाही. त्याच्या पाठीवर लादलेल्या दोन दृष्टांतांशी आहे. एक जुना, एक अलीकडचा. दोन्ही आम्ही वर्गात वर्षानुवर्षं वापरले, तेव्हा ही टीका आधी आमच्यावरच आहे.

जुना तो कीटक-भृंगाचा. कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि अखेर तीच होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या 24 गुरूंमध्ये हा शेवटचा. एकनाथांनी त्यावर मराठीत जे भाष्य केलं, तो ग्रंथ 1573 साली काशीत पूर्ण झाला. आता, चौकटीवरचं असं मातीचं घर तुमच्यापैकी कुणी फोडलं नाही? आत अळ्या असतात, जिवंत, पण लुळ्या. डंखाचं विष त्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतं. अळी मरत नाही, हलत नाही. कुंभारणीच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू तिला खाऊन वाढतं. बाहेर पडते ती कुंभारणीची लेक. अळीचं रूपांतर झालेलं नसतं, तिचं जेवण झालेलं असतं. नाथांना आम्ही दोष देत नाही, त्यांना ध्यानाविषयी सांगायचं होतं. पण आम्ही पुस्तकातून शिकवत राहिलो आणि चौकटीकडे बघितलं नाही, हे मात्र खरं.

नवा दृष्टांत मोबाइलवर रोज येतो: कोषात अळी पूर्ण विरघळते, तिचं पाणी होतं आणि त्यातून फुलपाखरू घडतं, तेव्हा तुम्हीही जुनं सगळं विरघळू द्या. हे वाक्य आम्ही एकदा पहिल्या वर्षाच्या वर्गात मोठ्या आवाजात म्हटलं. ऊसतोडीच्या घरातला एक मुलगा तासानंतर थांबला. म्हणाला, "सर, सहा महिने कोयता धरलाय. हाताला सवय हाय. ती कुठं विरघळंल?" आम्ही काहीतरी गोड बोलून निघालो. उत्तर दिलं नाही, कारण ते आमच्याकडे नव्हतं.

न्यायदर्शनात दृष्टांताची अट कडक आहे. ज्यावर सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचं मत जुळतं, तोच दृष्टांत. म्हणून दोघांनाही विचारू या. परीक्षक म्हणजे सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला. सामान्य माणूस म्हणजे या परिसरात तुतीचा पाला तोडून रॅकवर टाकणारा, तुम्हीच.

परीक्षकाचं आधी. जॉर्ज न्यूपोर्ट या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1832 साली एका मोठ्या पतंगाच्या अळी आणि कोष या अवस्था चिरून मज्जासंस्था कशी बदलते ते लिहून ठेवलं. अळीच्या पोटाच्या बाजूने चेतातंतूंच्या गाठींची एक माळ असते, जवळपास प्रत्येक वळ्याला एक गाठ. कोषात ही माळ आखूड होते, छातीकडच्या काही गाठी सरकत येऊन एकजीव होतात. माळ तुटत नाही, विरघळत नाही. विरघळतात ते पुष्कळसे स्नायू आणि इतर ऊती. या अर्धसत्यावरच मोबाइलवरचं वाक्य उभं आहे.

मग पेशींचं काय होतं? इथे आम्ही जरा रेंगाळणार, कारण हाच भाग आम्हाला माहीत नव्हता. पोटाखालच्या मऊ पायांना चालवणाऱ्या चेतापेशींचं काम संपतं. त्या आपल्या फांद्या आखडून घेतात, काही मरतात. काही मरत नाहीत. तंबाखूवरच्या अळीत रांगण्याच्या स्नायूला हुकूम देणारी एक पेशी आपल्या जुन्या फांद्या मागे घेते, नव्या काढते आणि पतंगात पंखाच्या स्नायूला हुकूम देते. पेशी तीच, काम वेगळं. तिसऱ्या प्रकारच्या पेशी अळीतच जन्मलेल्या असतात, पण अपुऱ्या, वाट बघत बसलेल्या. त्या कोषात वाढतात. अळीच्या डोक्याला प्रत्येक बाजूला सहा साधे डोळे, पतंगाला हजारो भिंगांचे. त्यासाठी मेंदूचा पाहण्याचा भाग जवळपास नव्याने बांधला जातो.

आणि हे सगळं सांगणारा निरोप एकच: एक्डायसोन नावाचं संप्रेरक. 1954 साली बुटेनांट आणि कार्लसन यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही रेशमाच्या किड्यातूनच. 500 किलो कोषावस्थेतले किडे, आणि हाती आलं 25 मिलिग्रॅम. तोच निरोप ऐकून एक पेशी मरते, दुसरी छाटून घेते, तिसरी वाढते. निरोपात मरण लिहिलेलं नसतं. प्रत्येक पेशी आपल्या इतिहासाप्रमाणे ऐकते.

आठवणीचं काय? 2008 साली अमेरिकेत तंबाखूवरच्या अळ्यांना एका वासाबरोबर विजेचा झटका दिला. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचे पतंग तो वास टाळत होते. तिसऱ्या अवस्थेत शिकलेल्यांचे टाळत नव्हते. 2023 साली फळमाशीच्या मेंदूत वास शिकणाऱ्या भागाच्या पेशी एकेक करून मागोवा घेतला, तेव्हा अळीच्या जोडण्या सुटलेल्या दिसल्या. आठवण पलीकडे नेईल असा धागा सापडला नाही. किडे वेगळे, म्हणून एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं असं नाही. पण "सगळं विरघळतं" म्हणणाऱ्याला आणि "सगळं टिकतं" म्हणणाऱ्यालाही या प्रयोगांनी अडचणीत आणलं आहे. आत्म्याच्या सातत्यावर आम्ही प्रबंध लिहिला, त्यात हा पतंग नव्हता. असायला हवा होता.

आता सामान्य माणूस. चंद्रिकेवर किडा चढला की तुम्ही दिवस मोजता. पतंग कोष फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून आठवडाभरात कोष उतरवून बाजारात. पुढे उष्णता. त्या क्षणी आतली मज्जासंस्था अर्ध्या बांधकामात असते. अंडीपुंजासाठी जे राखले जातात, तेवढ्यांचेच पतंग होतात. आणि पंख फुटलेला तो पतंग, हे ऐका, उडत नाही. हजारो वर्षांच्या पाळणुकीत त्याचं उडणं गेलं. काही खातही नाही. नर जागच्या जागी पंख फडफडवत मादीच्या वासाकडे चालत जातो आणि थोड्या दिवसांत संपतो. रेशीमवाल्याच्या शेडमध्ये उभं राहून "विरघळा आणि उडा" म्हणून बघा. बाया हसतील.

म्हणजे परीक्षक आणि सामान्य दोघंही नाही म्हणतात. दृष्टांत पडला. पंखाच्या त्या पेशीवरून लगेच तिसरा दृष्टांत रचायचा मोह आम्हाला आत्ताच होतो आहे; खोडच आहे ती. पण तो मुलगा परत भेटला तर त्याला ती पेशी दाखवू, दृष्टांत म्हणून नव्हे, फक्त त्याच्या प्रश्नाला आम्ही दिलेलं उत्तर चुकीचं होतं एवढं सांगायला.

आमचा वेळ झाला. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, चौथ्या कातेनंतर किडा पाला का सोडतो याबद्दल त्यांना काही सांगायचं आहे. माईक त्यांच्याकडे द्या.