'सौजन्य : गूगल' म्हणजे नक्की कुणाचं सौजन्य?

कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये ही स्लाइड हमखास दिसते. पेशीची देखणी आकृती, आणि खाली बारीक अक्षरात 'सौजन्य : गूगल'. माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये अशा चार होत्या. कुणी हूं की चूं केलं नाही. गूगल आकृती काढत नाही, शोधून दाखवतं, एवढंही कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे सगळा भर सिमिलॅरिटी रिपोर्टवर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतले १० टक्के सगळ्यांना पाठ असतात. पण तो रिपोर्ट मजकुराची जुळणी दाखवतो. आकृती परवानगीने घेतली की नाही, हे त्याला कळत नाही. आणि मूळ घोळ इथेच आहे. संदर्भ दिला की वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, परवानगी मात्र मिळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण शिकवताना त्यांची खिचडी होते.

'शैक्षणिक वापर आहे, चालतं' हे उत्तर अर्धंच खरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि वर्गातलं अध्यापन यांना सवलत देतं. पण तुमचा थिसिस शोधगंगेवर जातो, जगात कुणालाही उघडता येतो. वर्गातली सवलत तिथे आपोआप लागू होते असं धरून चालू नका.

मग करायचं काय? आधी लायसन्स वाचा. सीसी बाय असेल तर श्रेय द्या, लायसन्सचा दुवा द्या, बदल केला असेल तर तसं लिहा. एनडी असेल तर सांभाळून : आकृतीतली इंग्रजी नावं मराठीत करून ती छापणं हासुद्धा बदलच. लायसन्स दिसत नसेल तर 'मोकळं आहे' असं समजू नका, उलट हक्क राखीव आहेत असं समजा. जर्नलच्या पानावर परवानगीची लिंक बहुतेक वेळा असते. थिसिससाठी अनेक प्रकाशक पैसे घेत नाहीत. आणि हो, कॉपीराइट प्रकाशकाला लिहून दिला असेल तर स्वतःच्याच पेपरमधल्या आकृतीसाठीही त्यांचे नियम बघावे लागतात. (हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं होतं.)

माझ्या रिव्ह्यू पेपरच्या वेळी जर्नलने तीन आकृत्यांची परवानगीपत्रं मागितली. दोन मिळाली. तिसरीचा मूळ कर्ता सापडेना, म्हणून ती काढून टाकली आणि मूळ पेपर वाचून नव्याने आखली. दोन दिवस गेले. त्यात एक बाण उलटा होता, हेही तेव्हाच लक्षात आलं.