मुरबाड-शहापूरच्या बोली : अभ्यासाचा आढावा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मुरबाड आणि शहापूर या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांत कुणबी, आगरी, महादेव कोळी, मा ठाकूर, का ठाकूर, कातकरी आणि वारली या समाजांची बोलणी एकमेकांना लागून नांदतात. शंभराहून अधिक वर्षांत त्यांच्या अभ्यासाची साधने पुष्कळ सुधारली. प्रत्येक बोली जातवार वेगळी काढून पाहण्याची सवय मात्र पुरती सुटलेली नाही.

या अभ्यासाचा पाया ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात आहे. त्याचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आगरी, ठाकरी, कातकरी या बोलींचे नमुने प्रथमच शेजारी शेजारी छापले गेले. हे नमुने बहुतांशी सरकारी यंत्रणेमार्फत मिळवलेले होते. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलीत उतरवून घेतल्यामुळे तुलना सोपी झाली. पण रानातले, शिवारातले, चुलीजवळचे बोलणे निसटले.

ती उणीव काही अंशी समाजअभ्यासकांनी भरली. ना. गो. चापेकर यांचे बदलापूरवरील पुस्तक (1933), वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ (1934), के. जे. सावे यांचा वारल्यांवरील (1945) आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील (1960) हे त्यातले ठळक. भाषा हा त्यांचा मुख्य विषय नव्हता, तरी शब्द ज्या कामात, नात्यात आणि विधीत जगतो ते जग त्यांनी नोंदवले.

काटेकोर भाषावैज्ञानिक वर्णन 1963 पासून अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या मालिकेत आले. ठाण्याच्या वारलीवरील पुस्तक याच मालिकेतले. ध्वनी, रूपे, उतारे आणि शब्दसंग्रह ही तिची शिस्त आजही आदर्श आहे. मात्र वारलींची मुख्य वस्ती असलेला भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्या वर्णनावरून मुरबाड-शहापूरच्या बोलण्याविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

अलीकडचे दोन उपक्रम महत्त्वाचे आहेत. गणेश देवी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. जनगणनेत 1971 पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र नोंद प्रसिद्ध होत नाही. अशा वेळी बोलणाऱ्यांनीच आपल्या बोलीविषयी लिहावे, हे या प्रकल्पाचे मोठेपण. लेखकागणिक बदलणारी पद्धत ही त्याची मर्यादा. दुसरा उपक्रम डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचा. गावोगावच्या भाषकांचे प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित करून शब्द आणि व्याकरणातील भेद तो नकाशावर मांडतो. छापील नमुन्यात हरवलेला आवाज त्यामुळे अभ्यासाला परत मिळाला.

नकाशामुळे जुनी वर्गवारीही तपासता येते. ‘पानी’, ‘डोला’, ‘घोरा’ ही रूपे आगरीची ओळख म्हणून सांगितली जातात. पण ‘ण’चा ‘न’ होणे कोकणातल्या इतर अनेक समाजांच्या बोलण्यातही आढळते. कोणते वैशिष्ट्य समाजाचे आणि कोणते परिसराचे, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांची व्याकरणे शेजारामुळे कशी जवळ आली, हे गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवले. मुरबाड-शहापूरला असा शेजाराचा अभ्यास हवा आहे. पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची खांबलिंगेश्वराची जत्रा आणि तिचा गुरांचा बाजार, आठवडे बाजार, कातकरी कुटुंबे हंगामभर राबतात त्या वीटभट्ट्या आणि आश्रमशाळा ही बोली एकमेकींत मिसळण्याची ठिकाणे आहेत. तिथे कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलतो, हे नोंदवल्याशिवाय चित्र अपुरे राहील.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तिच्या प्राचीनतेच्या पुराव्यांत नाणेघाटाच्या सातवाहनकालीन लेखाचा दाखला दिला जातो. त्याच घाटाच्या पायथ्याच्या जिवंत बोलींनाही तेवढेच लक्ष मिळाले पाहिजे. तीन पिढ्यांतील स्त्री-पुरुषांची ध्वनिमुद्रणे, त्या त्या समाजातून तयार झालेले संशोधक, निवेदकांची संमती आणि जमलेले साहित्य स्थानिक शाळांपर्यंत परत पोहोचवण्याची सोय या पुढच्या संशोधनाच्या किमान अटी आहेत.