हातांचेही घराणे

वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने १९६१ साली मराठी संगीतसमीक्षेला घराण्यांचा विचार करण्याची एक शिस्त दिली. त्या शिस्तीचा विस्तार गळ्यापाशी थांबला, हे आम्हांस खटकते. ज्या तंबोऱ्याच्या आधारावर गळा उभा राहतो, तो घडविणाऱ्या हातांचे घराणे समीक्षेच्या कक्षेत यावयास नको काय?

मिरजेचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीस हात घातला आणि त्यातून वाद्यनिर्मितीची परंपरा उभी राहिली. वंशजांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. शस्त्रांचे दिवस सरले. पण धातूची पारख आणि हाताचा संयम वाया गेला नाही.

या परंपरेची कसोटी नक्षीत नाही. पंढरपूर परिसरातील कडू भोपळा वेलीवर पक्व होऊन सुकतो. त्यावर तुनीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते. खरी परीक्षा मात्र घोडीवर. तिची पाठ कानशीने इतकी अल्प उताराची करावयाची की कंप पावणारी तार तिला चाटून जावी. मग तारेखाली सुताचा ‘जीव’ सरकवून जवारी उघडावयाची. अशी जवारी लागली म्हणजे खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तंबोरा-वीणेच्या या घोडीचे नवल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रीय परिभाषेत मांडले. कारागिरास ते कानाने ठाऊक होते. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाची सूक्ष्म श्रुतिदृष्टी आणि या जवारीचा संबंध तपासणे, हे समीक्षेचेच काम होय.

स्पेनमध्ये फ्लॅमेन्को गिटारीविषयी बोलताना रसिक वाद्यकाराचे नाव घेतो. माद्रिदच्या रामिरेझ घराण्याची कार्यशाळा १८८२ पासूनची. सायप्रसच्या हलक्या लाकडाची ती गिटार, तारा बुटक्या ठेवल्याने उमटणारी किंचित करकर, हे सारे तेथे दोष नसून शैली मानले जाते. आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेत तबल्याचा, पेटीचा साथीदार असतो. तंबोरा कोणी घडविला, याचा उल्लेख सहसा नसतो.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे स्वागतार्हच. परंतु मानांकन गावाचे नाव राखते, हात राखीत नाही. बिदरी कामाशी परिचित असलेल्या आम्हां हैदराबादकरांस हे निराळे सांगावयास नको. नावाचा शिक्का असूनही कारागिराचा मुलगा दुसरा व्यवसाय शोधू शकतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही; रियाझाला तो उपयोगी आहे. मात्र त्या सुराची सवय झालेल्या कानाला चांगल्या जवारीचा फरक कळेनासा झाला, तर ती मागणार कोण? आणि मागणीविना ती लावणार कोण?

म्हणून समीक्षकांकडे आमची अपेक्षा माफक आहे. मैफिलीविषयी लिहिताना एक वाक्य तंबोऱ्याच्या जवारीवर लिहावे. वाद्यकार ठाऊक असल्यास त्याचे नाव द्यावे. गुणदोष दोन्ही सांगावेत, कारण नुसत्या कौतुकाने कारागिरी टिकत नाही. ती टिकते जाणत्या कानाच्या धाकाने.