पाहणारे आम्ही

आम्ही काही सिनेमाचे समीक्षक नव्हे, तिकीट काढून पाहणारे. लातूरच्या रितेश देशमुखांचं पहिलं दिग्दर्शन म्हणून 'वेड' (२०२२) कौतुकानं पाहिला. कथा तेलुगू 'मजिली'वरून घेतलेली. त्याला हरकत नाही, आपल्या देगलूर-बिलोलीकडं तेलुगू घरात बोलतात. हरकत ही की, मुकाट झुरणारी बायको तिथं आदर्श ठरते. 'दशावतार' (२०२५) दिलीप प्रभावळकरांसाठी जरूर पाहा.

पण मनात रुतला तो जयंत सोमलकरांचा 'स्थळ'. गाव विदर्भातलं, बोली तिकडची, बैठक मात्र आपलीच. सविताला शिकायचंय, आणि घरी पाहुणे येतात, उंची विचारतात, रंग न्याहाळतात, जातात. पुन्हा दुसरे येतात. हे तेच ते काहींना कंटाळवाणं वाटलं. आम्हाला तीच सिनेमाची ताकद वाटते. आपण तासाभरात कंटाळतो. तिला दरवेळी नव्यानं नटून समोर बसायचंय.

सुरुवातीलाच स्वप्नात मुलगा बसतो आणि बायका प्रश्न विचारतात. सगळे हसले, आम्हीही हसलो. मग आमचं हसू थांबलं. नांदेडहून लातूरला आम्हीही असंच स्थळ पाहायला गेलो होतो. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत होतो तेव्हा! 'स्वयंपाक येतो का?' आम्हीच विचारलं होतं. त्या घरी नंतर साधा नकारसुद्धा कळवला नाही.